एका कपाचे कॉफीयंत्र: निवड कशी करावी?

प्रतिनिधी

चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, अशी मराठी घरातली वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. पाहुणे आले, रात्री अभ्यासाला जागायचे असले, की जायफळ उगाळून घातलेली दुधाळ कॉफी व्हायची. मुंबई-पुण्यातील शहरी घरांमध्ये ही वाटणी आता पुष्कळशी पुसली गेली आहे. दर्जेदार कॉफीची पूड वाण्याच्या दुकानापासून संकेतस्थळांपर्यंत सर्वत्र मिळू लागली आणि कॉफी रोजच्या सकाळचा भाग बनली. त्याच काळात घरे मात्र लहान होत गेली. नोकरीसाठी भाड्याच्या खोलीत एकटे राहणारे तरुण, मुले परगावी गेल्यावर घरात उरलेले ज्येष्ठ नागरिक, वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये काम करणारी जोडपी यांच्या स्वयंपाकघरात एका वेळी एकच कप लागतो. चार जणांसाठी घेतलेली भांडी तिथे गैरसोयीची ठरतात.

प्रस्तुत प्रतिनिधीला हा प्रश्न भेटला तो आईच्या निमित्ताने. वडील गेल्यानंतर आई एकटी राहू लागली आणि चौघांचा स्टीलचा फिल्टर तिला मोठा पडू लागला. सकाळी काढलेले डिकॉक्शन संध्याकाळपर्यंत पुरवायचे, पुन्हा तापवायचे आणि चव बिघडली तरी टाकवत नाही म्हणून प्यायचे, असा क्रम सुरू झाला. एका कपाचे छोटे विजेचे कॉफीयंत्र हा त्यावरचा सोपा उपाय वाटला. शोध घेऊ लागल्यावर मात्र खोक्यावर छापलेली माहिती आणि रोजच्या वापरात कळीच्या ठरणाऱ्या गोष्टी यांत बरेच अंतर असल्याचे ध्यानात आले. त्या शोधातून हाती आलेली माहिती येथे देत आहोत.

ठिबक कॉफी म्हणजे काय?

‘ठिबक’ हा शब्द आपल्याला शेतीच्या संदर्भात परिचयाचा आहे. कॉफीतील तत्त्वही तेच. पुडीच्या थरावर गरम पाणी थोडे थोडे पडते, पुडीतील अर्क घेऊन गाळणीतून झिरपते आणि थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात जमा होते. दक्षिणेकडील पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्येही पाणी असेच झिरपते. फरक इतकाच, की तिथे सर्व पाणी एकदम ओतले जाते, पूड बारीक असते आणि उतरणारा अर्क घट्ट असतो. तो दुधात मिसळूनच प्यायचा असतो. यंत्रातील ठिबक कॉफी पातळ असते व जशी उतरते तशी पिता येते.

या पद्धतीचा पाया जर्मनीत घातला गेला. ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने 1908 साली भोके पाडलेल्या भांड्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घालून कॉफी गाळली आणि त्या कल्पनेची नोंदणी करून घेतली. कपात उतरणारा गाळ व कडवटपणा टाळणे हा तिचा हेतू होता. विजेवर चालणारे घरगुती ठिबक यंत्र ‘विगोमॅट’ या नावाने 1954 साली जर्मनीतच आले. अमेरिकेत 1972 मध्ये ‘मिस्टर कॉफी’ बाजारात आल्यानंतर हे यंत्र घरोघरी पोहोचले. आजची छोटी यंत्रे याच घराण्यातील आहेत.

यंत्र चालते कसे?

बहुतेक साध्या ठिबक यंत्रांत पंप नसतो, हे अनेकांना ठाऊक नसते. टाकीतील पाणी एका झडपेतून धातूच्या नळीत उतरते. ही झडप पाण्याला मागे फिरू देत नाही. नळीला लागून तापक बसवलेला असतो. पाणी उकळू लागले, की वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते आपल्यापुढील गरम पाणी वरच्या नळीत ढकलतात. तेथून ते पुडीवर पडते. अखेरीस येणारा खळखळाट हा टाकी रिकामी झाल्याचा संकेत असतो. पाणी संपल्यावर नळीचे तापमान वाढते आणि उष्णतानियंत्रक वीज तोडतो.

ही रचना समजून घेतल्यास दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, यंत्रात हलणारे भाग जवळजवळ नसल्याने नीट निगा राखल्यास ते दीर्घकाळ टिकते. दुसरी, टाकीत पाण्याखेरीज काहीही घालायचे नसते. दूध घातल्यास ते नळीत करपते, झडप चिकटते आणि यंत्र निकामी होते. ‘दुधाचीच कॉफी हवी’ म्हणून टाकीत दूध ओतण्याची चूक आपल्याकडे होऊ शकते. ती कटाक्षाने टाळावी.

‘कप’ म्हणजे नेमके किती?

खरेदीत पहिली फसगत होते ती या शब्दावर. कॉफीयंत्राच्या खोक्यावरील ‘कप’ बहुधा 125 ते 150 मिलिलिटरचा असतो. त्यामुळे ‘चार कपांचे’ यंत्र प्रत्यक्षात अर्धा ते पाऊण लिटरच्या आतलेच असते. आपल्या घरातील मोठा मग 250 ते 300 मिलिलिटरचा असेल, तर ‘चार कप’ म्हणजे जेमतेम दोन मग. म्हणून कपांची संख्या न पाहता टाकीची क्षमता मिलिलिटरमध्ये पाहावी. एकट्या माणसासाठी 250 ते 400 मिलिलिटरची टाकी पुरेशी होते.

मोठे यंत्र घेऊन त्यात एकच कप काढू, हा विचार वरकरणी शहाणपणाचा वाटतो. पण तो क्वचितच साधतो. रुंद गाळणीत दहा-बारा ग्रॅम पुडीचा थर अगदी पातळ पसरतो. पाणी त्यातून भराभर निघून जाते आणि कॉफी फिकी उतरते. शिवाय यंत्राची नळी तापेपर्यंतच थोडेसे पाणी संपून जाते. एका कपाच्या यंत्रात गाळणी अरुंद असते, थर जाड राहतो आणि अर्क नीट उतरतो. छोट्या यंत्राचे खरे समर्थन हे आहे. ओट्यावरची जागा वाचते, हा त्यानंतरचा फायदा.

वॅट, तापमान आणि वेळ

उत्तम अर्कासाठी पुडीवर पडणारे पाणी साधारण 90 ते 96 अंश सेल्सिअस असावे, असे कॉफीच्या जाणकारांत मान्य झालेले आहे. पाणी त्याहून बरेच थंड असेल तर कॉफी आंबूस व पचपचीत लागते.

तापकाची शक्ती वॅटमध्ये दिलेली असते. थोडा हिशेब केल्यास तिचा अर्थ कळतो. 200 मिलिलिटर पाणी 25 अंशांवरून 95 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे 59 किलोज्यूल उष्णता लागते. 450 वॅटच्या यंत्राला त्यासाठी किमान सव्वादोन मिनिटांच्या आसपास, तर 650 वॅटच्या यंत्राला दीड मिनिट लागेल. उष्णतेची गळती धरता प्रत्यक्ष वेळ याहून अधिक. एक कप तीन ते चार मिनिटांत पूर्ण उतरत असेल, तर यंत्र योग्य समजावे. सात-आठ मिनिटे लागत असल्यास तापक दुबळा आहे किंवा नळीत क्षार साचले आहेत, असे मानण्यास हरकत नाही.

एक साधी युक्ती उपयोगी पडते. पूड न घालता अर्धा कप पाणी आधी यंत्रातून फिरवून घ्यावे. त्यामुळे नळी, गाळणी व मग तिन्ही तापतात आणि खऱ्या फेरीतील पहिले पाणी थंड उतरत नाही. थंडीच्या दिवसांत याचा फरक स्पष्ट जाणवतो.

विजेच्या खर्चाची धास्ती मात्र नको. गळती धरूनही एका युनिटमध्ये चाळीसएक कप निघतात. 650 वॅटचे यंत्र तीन अँपियरहून कमी प्रवाह घेते. त्यामुळे घरातील नेहमीचे सहा अँपियरचे सॉकेट पुरते. त्याला अर्थिंग असणे मात्र अत्यावश्यक आहे. पाणी व वीज एकत्र येणाऱ्या उपकरणात तडजोडीला जागा नाही.

गाळणी कागदाची की जाळीची?

अनेक छोट्या यंत्रांसोबत नायलॉनची किंवा स्टीलची कायमस्वरूपी जाळी मिळते. तिचा पुन्हा पुन्हा खर्च नाही, कचरा नाही. कॉफीही अंगाने भरीव लागते, कारण पुडीतील तेल व अतिबारीक कण जाळीतून खाली उतरतात. कागदी गाळणीतून उतरलेली कॉफी स्वच्छ व हलकी असते.

येथे प्रश्न केवळ चवीचा नाही. कॉफीच्या तेलात ‘कॅफेस्टॉल’ व ‘काहवेऑल’ नावाची द्रव्ये असतात. ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात. कागद त्यांना जवळजवळ पूर्णपणे अडवतो. धातूची जाळी अडवत नाही. दिवसाकाठी एखादा कप घेणाऱ्या निरोगी माणसाने याची फार चिंता करू नये. मात्र ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे आणि जे रोज तीन-चार कप घेतात, त्यांनी कागदी गाळणी बसेल असेच यंत्र निवडावे व डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आईच्या बाबतीत आमचा निर्णय याच मुद्द्यावर झाला.

कागद घ्यायचा तर मापही पाहावे. शंकूच्या आकाराच्या गाळण्या 1, 2, 4 अशा क्रमांकांनी विकल्या जातात. एका कपाच्या यंत्राला बहुधा 1 किंवा 2 क्रमांकाची लागते. काही यंत्रांची गाळणी सपाट तळाची असते, तिचा कागद वेगळा. आपल्या यंत्राच्या मापाचा कागद सहज मिळतो का, हे यंत्र घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे. मोठा कागद कात्रीने कापूनही काम भागते. पण त्याची कड गाळणीच्या काठापर्यंत पोहोचायला हवी. ती खाली राहिली तर पूड थेट कपात उतरते.

पूड कोणती घ्यावी?

नव्या यंत्राबाबत होणाऱ्या तक्रारींत यंत्राचा दोष कमी आणि पुडीचा अधिक असू शकतो. आपल्याकडे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणारी पूड दक्षिणी फिल्टरसाठी दळलेली असते व तिच्यात बऱ्याचदा चिकोरी असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. तिने अर्काला गडद रंग व दाटपणा येतो, दुधाच्या कॉफीत ती खुलतेही. परंतु यंत्राच्या लहान गाळणीत बारीक पूड आणि चिकोरी एकत्र आल्या, की पाणी तुंबते. वरून पाणी येतच राहते, गाळणी भरून वाहते आणि ओट्यावर काळे पाणी पसरते.

म्हणून ठिबक यंत्रासाठी मध्यम जाडीची, साधारण जाड रव्याच्या पोताची, चिकोरीविरहित पूड घ्यावी. चिकोरीमिश्रित पुडीच्या वेष्टनावर कॉफी व चिकोरी यांचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे आणि अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते. ती ओळ वाचण्याची सवय लावावी. माटुंग्यासारख्या भागात कॉफी समोर दळून देणारी जुनी दुकाने आहेत. तिथे ‘ड्रिप यंत्रासाठी’ असे सांगितले, की योग्य जाडीची पूड मिळते. इन्स्टंट कॉफी या यंत्रासाठी नव्हेच. ती पाण्यात विरघळते, तिला गाळायचे काय?

प्रमाणाबाबत जाणकारांचा ठोकताळा एक लिटर पाण्याला 55 ते 60 ग्रॅम पूड असा आहे. म्हणजे 200 मिलिलिटरला 11 ते 12 ग्रॅम. ओली पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते. त्यामुळे कपात 175 मिलिलिटरच्या आसपास कॉफी उतरेल. पाव किलोच्या पाकिटात असे वीसएक कप होतात. पाकिटाच्या किमतीला वीसने भागले, की एका कपाचा खर्च हाती येतो. पाकीट उघडल्यावर पूड हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली पूड लवकर वास गमावते. एकट्या माणसाने म्हणूनच छोटे पाकीट घ्यावे.

अरेबिका व रोबस्टा हा भेदही लक्षात ठेवावा. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी 200 मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत धोका नसल्याचे म्हटले होते. झोपेची वा रक्तदाबाची तक्रार असणाऱ्यांनी अरेबिका पसंत करावी आणि संध्याकाळचा कप टाळावा.

दुधाची कॉफी हवी असेल तर

ठिबक कॉफीत थंड दूध ओतले, की ती फिकी व कोमट होते आणि यंत्राला बोल लागतो. उपाय सोपा आहे. पूड 14-15 ग्रॅम घ्यावी, पाणी 120 मिलिलिटरच घालावे. उतरलेल्या दाट कॉफीत तेवढेच किंवा थोडे कमी गरम दूध मिसळावे. जायफळ आवडत असल्यास ते दुधात घालावे, पुडीत नव्हे. इतके करूनही आपल्याला दक्षिणी कॉफीचा दाटपणाच हवा असेल, तर विजेचे यंत्र घेऊ नये. एक-दोन कपांचा छोटा स्टीलचा फिल्टर घ्यावा. तो स्वस्त आहे आणि आपले काम उत्तम करतो.

परदेशातून आलेले यंत्र

येथे स्वानुभव सांगणे भाग आहे. आईसाठी यंत्राचा शोध चालू असतानाच अमेरिकेतील एका नातेवाइकाने प्रेमाने एका कपाचे यंत्र पाठवले. पिनांना जोडणी लावून ते सुरू केले. मिनिटभरात जळका वास आला आणि यंत्र कायमचे शांत झाले. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230 व्होल्टची. 120 व्होल्टचा तापक 230 व्होल्टला जोडला, की तो ठरल्यापेक्षा साडेतीनपटीहून अधिक वीज खेचतो. पिनांची जोडणी व्होल्टेज बदलत नाही, हे त्या दिवशी नीट समजले. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो. पण कॉफीयंत्राची शक्ती पेलणारा ट्रान्सफॉर्मर यंत्राहून जड असू शकतो आणि त्याची किंमतही विचारात घ्यावी लागते.

युरोप वा दुबईहून आणलेल्या यंत्रांना व्होल्टेजची अडचण सहसा येत नाही. तिथे प्रश्न प्लगचा असतो. युरोपीय प्लगमध्ये अर्थिंग कडेच्या पट्टीतून होते. तो आपल्या सॉकेटमध्ये बसला, तरी अर्थिंग जोडले जात नाही. दुबईच्या चौकोनी पिनांसाठीही अर्थिंग असलेलीच जोडणी हवी. कोणत्याही यंत्राच्या तळाशी छापलेली व्होल्टेजची ओळ वाचल्याखेरीज ते सुरू करू नये. दुरुस्ती व हमीचा विचार करता भारतात विक्री होणारे, तीन पिनांचे यंत्र घेणे केव्हाही श्रेयस्कर.

कॅप्सूलचा मोह

‘एका कपाचे यंत्र’ म्हटले, की दुकानदार अनेकदा कॅप्सूलची यंत्रे पुढे करतात. ‘नेस्प्रेसो’ने 1986 मध्ये ही पद्धत रुळवली, तर ‘क्युरिग’ची यंत्रे 1998 पासून अमेरिकी कार्यालयांत शिरली. मोजमाप नाही, सांडलवंड नाही, ही त्यांची सोय निर्विवाद आहे. पण यंत्र घेताना आपण एका विशिष्ट प्रकारच्या कॅप्सूलशी बांधले जातो. दर कपाला एक कॅप्सूल, म्हणजे खर्च दीर्घकाळ चालतो आणि धातू वा प्लॅस्टिकचा कचराही रोजचा. घेण्यापूर्वी एका कॅप्सूलची किंमत आणि वर काढलेला पुडीच्या कपाचा खर्च शेजारी मांडून त्याला वर्षाच्या दिवसांनी गुणावे. निर्णय आपोआप होईल. ठिबक यंत्रात मात्र कोणत्याही मळ्याची, कोणत्याही दुकानाची पूड चालते.

निगा राखली तरच टिकेल

वापरानंतर ओली पूड यंत्रात राहू देऊ नये. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी तिला बुरशी धरू शकते. टाकीतील उरलेले पाणी ओतून द्यावे आणि झाकण उघडे ठेवावे. कूपनलिकेचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत नळीत क्षारांचा थर लवकर साचतो. कॉफी उतरण्यास वेळ लागू लागला, वाफ जास्त व पाणी कमी येऊ लागले, की क्षार काढण्याची वेळ झाली असे समजावे. ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक अॅसिड अर्धा लिटर पाण्यात एक चमचा विरघळवून, एका कपाइतके यंत्रातून फिरवावे. अर्धा तास थांबून उरलेले फिरवावे आणि नंतर दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी फिरवावे. जड पाणी असल्यास महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा हे पुरते. यंत्र पाण्यात कधीही बुडवू नये.

खरेदीपूर्वी हे पाहावे

- टाकीची क्षमता मिलिलिटरमध्ये किती? टाकीवर पाण्याच्या खुणा आहेत का?
- आपला नेहमीचा मग यंत्राखाली बसतो का? दुकानात जाताना मगाची उंची मोजून न्यावी.
- कागदी गाळणी बसते का? कोणत्या क्रमांकाची?
- पाणी संपल्यावर यंत्र आपोआप बंद होते का? विसराळू किंवा वयस्कर व्यक्तीसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा.
- खाली तापती ताटली आहे का? एका कपाला तिची गरज नसते. तिच्यावर राहिलेली कॉफी कडवट होते.
- गाळणी काढताना बोटांना चटका बसेल अशी रचना नाही ना? झाकण एका हाताने उघडते का?
- व्होल्टेज 230, तीन पिनांचा प्लग, आयएसआय चिन्ह आणि आपल्या शहरात दुरुस्ती केंद्र.

यंत्र हवेच का?

शेवटी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. चिनी मातीची किंवा स्टीलची शंकूच्या आकाराची गाळणी मगावर ठेवून, कागद घालून, किटलीतील गरम पाणी हाताने सावकाश ओतले, तरी तीच कॉफी मिळते आणि खर्च कितीतरी कमी येतो. प्रवासात वा कचेरीत पूड भरलेल्या ‘ड्रिप बॅग’ही सोयीच्या. ज्याला सकाळी चार मिनिटे उभे राहण्याची सवड आहे आणि हौस आहे, त्याने यंत्रावर पैसे घालवू नयेत. पण ज्याचा हात थरथरतो, उकळत्या पाण्याची किटली उचलण्याची ज्याला भीती वाटते किंवा सकाळच्या धावपळीत ज्याला गॅसपाशी थांबता येत नाही, त्याच्यासाठी हे छोटे यंत्र उपयोगाचे आहे.

आईकडे आता साडेतीनशे मिलिलिटरच्या टाकीचे, कागदी गाळणीचे, आपोआप बंद होणारे साधे यंत्र आहे. चौघांचा फिल्टर तिने घासून माळ्यावर ठेवला आहे. आम्ही सगळे जमलो, की तो खाली येतो. एरवी सकाळी एक कप, तोही ताजा. संध्याकाळपर्यंत पुरवायचे असे आता काही उरत नाही.